जुना बसरा ऑनलाइन घेताना: नथ, तन्मणी, चिंचपेटी कशी पारखायची

इन्स्टाग्रामवर किंवा ईबेवर जुनी मोत्याची नथ दिसली की वर्णनात चार गोष्टी एका दमात सांगितलेल्या असतात: पेशवेकालीन, अस्सल बसरा, शुद्ध सोनं, पणजीच्या पेटीतली. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे आणि प्रत्येकीचा पुरावाही वेगळा लागतो. सोनं जुनं असून मोती मागच्या वर्षी बदललेले असतात. मोती शंभर वर्षांचे असून घडण कालची असते. मोती खरे असतात, पण शेतीतले, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, कल्चर. म्हणून दागिना एकदम ‘खरा की खोटा’ असा बघू नका. धातू, घडण, मोती आणि खडे यांची चौकशी सुटी सुटी करा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. फोटोवरून मोती खोटा आहे हे पुष्कळदा कळतं. तो नैसर्गिक आहे हे फोटोवरून कोणालाही सांगता येत नाही, कितीही मुरलेला जवाहिऱ्या असला तरी. ते एक्स-रे सांगतो. त्यामुळे ऑनलाइन खरेदीची सगळी कसरत दोन टप्प्यांची आहे: फोटोंवरून संशयास्पद माल गाळायचा, आणि उरलेला परतीच्या लेखी अटीवर घेऊन तपासायचा.

बसरा म्हणजे काय, आणि साल कशावरून काढायचं

बसरा मोती हा इराणच्या आखातातला, मुख्यतः बहारीन, कुवेत, कतारच्या किनाऱ्यावरचा नैसर्गिक मोती. इराकमधलं बसरा हे व्यापाराचं बंदर होतं. तिकडचे अरब व्यापारी माल घेऊन मुंबईला यायचे. मोती निवडणं, विंधणं, सर लावणं हे काम मुंबईत मोठ्या प्रमाणावर चालायचं आणि इथून माल पॅरिस-लंडनला जायचा. मराठी घरांतल्या नथी, कुड्या, चिंचपेट्या, तन्मणी याच बाजारातून भरल्या गेल्या. भारत आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातातले मोतीही त्यांत मिसळलेले असतात. पण घरात बोलताना कुठलाही जुना, बारीक, वेडावाकडा मोती ‘बसरा’च असतो, आणि विक्रेतेही तो शब्द तसाच सैल वापरतात.

साल काढायला काही खुणा उपयोगी पडतात. जपानचे मोती-उत्पादक मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल कल्चर मोती मिळवला. गोल कल्चर मोती बाजारात दिसायला लागले ते १९२० च्या दशकात. पुढे जागतिक मंदी आली, १९३२ साली बहारीनला तेल सापडलं आणि आखातातला मोत्याचा धंदा बसला. म्हणजे दागिना खरोखर १९२० च्या आधीचा असेल आणि त्यात गोल कल्चर मोती निघाले, तर ते नंतर बसवलेले आहेत किंवा दागिनाच नंतरचा आहे. चिनी गोड्या पाण्यातले तांदळाच्या आकाराचे सुरकुतलेले मोती १९७० नंतर भरपूर यायला लागले. आज ‘बसरा स्टाइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नथींत बहुतेक हेच असतात. हैदराबादी मोती म्हणून जे येतात तेही हैदराबादला पिकत नाहीत. ते मोत्यांवरच्या प्रक्रियेचं आणि व्यापाराचं गाव आहे, माल बराचसा चिनी.

खोटे मोती मात्र खूप जुने आहेत. काचेच्या पोकळ गोळीत आतून माशाच्या खवल्यांचा लेप द्यायचा आणि मेण भरायचं, ही कला पॅरिसमध्ये सतराव्या शतकापासूनची. म्हणून ‘आजीच्या काळात खोटे मोती कुठे होते’ हा युक्तिवाद ऐकून पुढे सरकू नका. होते, आणि भारतातही यायचे.

‘पेशवाई’ या शब्दाला तर कालगणनेत काहीच अर्थ नाही. पेशवाई १८१८ ला संपली. ‘पेशवाई नथ’ हे घाटाचं नाव आहे आणि त्या घाटाच्या नथी आजही रोज घडतात. विक्रेत्याने हा शब्द वापरला तर घाट समजा, साल स्वतंत्र विचारा.

घडण आधी बघा, मोती नंतर

लोक उलटं करतात. पण फोटोत मोत्यापेक्षा घडण जास्त बोलते, म्हणून पहिली मागणी पाठच्या बाजूच्या फोटोची करा. जो विक्रेता पुढून दहा फोटो टाकतो आणि मागचा एकही देत नाही, त्याच्या मालावर वेळ घालवू नये.

नथीत मोती सोन्याच्या तारेत ओवलेले असतात, म्हणजे मोती आरपार विंधलेला हवा. मोती नुसता अर्धवट भोक पाडून खुंटीवर डिंकाने चिकटवलेला असेल तर तो नवा माल किंवा डागडुजी. डिंक ओळखायला मोती जिथे धातूला टेकतो तिथे बघा: चकचकीत, थोडी पिवळसर कडा, कधी बुडबुडा. चापाची नथ जुनी म्हणून विकत असतील तर चाप नंतर लावलेला आहे का विचारा. टोचलेल्या नाकाची जुनी नथ मोडून चाप लावून घेणं घरोघरी चालतं. त्यात फसवणूक नाही, पण किमतीत फरक पडतो.

कुडीच्या मागे मळसूत्र असतं. हाताने पाडलेले आटे थोडे असमान असतात आणि एका कुडीची फिरकी दुसरीला बहुधा नीट बसत नाही. दोन्ही फिरक्या अदलाबदल करून सहज फिरतात, आटे बारीक आणि एकसारखे आहेत, तर ते यंत्रावरचं काम. जुन्या कुडीला नवं मळसूत्र लावलेलं असू शकतं, म्हणून कुडीच्या पाठीशी जोड कुठे आहे आणि झाळलेल्या डागाचा रंग वेगळा दिसतो का तेही बघा.

तन्मणीत मधलं खोड (खड्यांचं पदक) आणि चिंचपेटीत पेट्या उलट्या करून पाहायच्या. हाताने घडवलेल्या, खडा बसवायच्या घराच्या कडा नखासारख्या पातळ, थोड्या कमी-जास्त असतात. साच्यात ओतलेल्या नव्या कामात कोपरे गोलसर, आतल्या कोनाड्यात बारीक छिद्रांची रेघ आणि सगळ्या पेट्या एका आईच्या लेकी. जुन्या चिंचपेटीत दोन पेट्या थोड्या तरी वेगळ्या निघतातच.

झीज कुठे आहे यालाही महत्त्व आहे. खऱ्या वापरात कडी, आकडा, गळ्याला घासणारी पाठ आणि पेट्यांचे एकमेकांना टेकणारे कोपरे झिजतात. मुद्दाम जुनं केलेल्या दागिन्यात काळेपणा खोलगट जागी सगळीकडे सारखा भरलेला असतो आणि आकडा मात्र कोरा करकरीत. चांदीवर सोन्याचा मुलामा असेल तर याच घासणाऱ्या जागी पांढरं उघडं पडतं. त्या जागेचा जवळून फोटो मागा.

खडेही सांगतात. नथीतलं किंवा खोडातलं लाल माणिक १० पट भिंगाखाली पाहिलं आणि आत वक्र, समांतर बारीक रेषा दिसल्या, तर ते भट्टीतलं कृत्रिम माणिक. ही पद्धत १९०२ साली जाहीर झाली आणि तिचा माल त्यानंतर बाजारात आला. म्हणजे असा खडा असलेली ‘दोनशे वर्षांची’ नथ तितकी जुनी नाही, किंवा खडा बदललेला आहे.

हॉलमार्कचं गणित उलटं वाचायचं. भारतात सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, आणि एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक, २०२१ पासून. शंभर वर्षं जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या नथीवर एचयूआयडी असेल तर ती हल्ली तपासून घेतलेली आहे किंवा हल्लीच घडवलेली. शिक्का नसणं हा जुन्या दागिन्यात दोष नाही. एचयूआयडी असेल तर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का बघा. शिक्का नसेल तर सोन्याच्या पृष्ठभागाची शुद्धता सोनाराकडच्या कॅरेट-मीटरवर दोन मिनिटांत कळते आणि त्याने दागिन्याला ओरखडाही पडत नाही.

मोती: फोटोत काय शोधायचं

आधी सर लांबून बघा. जुन्या बसऱ्याचा रंग दुधी पांढरा क्वचित असतो. सायीसारखा, पिवळसर, कधी गुलाबी झाक, आणि एकाच सरात दोन-तीन छटा. आकारही असाच: बटणासारखे चपटे, थेंबासारखे, एका बाजूला फुगलेले. त्यातला प्रत्येक मोती वेगळा, पण शेजारी ठेवल्यावर जमून आलेला, कारण निवडणाऱ्याने तासन्‌तास बसून जुळवलेले असतात. सगळे शुभ्र, सगळे गोल, सगळे एका मापाचे असतील तर काच, प्लास्टिक किंवा ब्लीच केलेले कल्चर.

मग जवळ जा. खऱ्या मोत्याचं पाणी आतून येतं: प्रकाशाच्या ठिपक्याची कड थोडी मऊ असते आणि खाली खोली जाणवते. खोट्याची चमक पृष्ठभागावर बसलेली असते आणि ठिपका आरशासारखा कडक. पण फोटोला फिल्टर लावला की ही खूण गेली, म्हणून हिच्यावर एकटीवर विसंबू नका.

खरी मेख भोकाशी आहे. विक्रेत्याकडून तीन-चार मोत्यांच्या भोकांचे जवळचे फोटो मागवा. मोबाइलला लावायची मॅक्रो भिंगाची चिमटी असेल तर काम सोपं होतं. भोकात बघायच्या गोष्टी अशा:

- काठावर रंगाचा पापुद्रा सुटलेला, खाली काच किंवा पांढरं प्लास्टिक दिसतं: खोटा. यावर वाद नाही.
- आत थोड्या खोलीवर गडद रेघ आणि तिच्या पलीकडे वेगळ्या पांढऱ्या रंगाचा गाभा: मणी घालून वाढवलेला कल्चर मोती.
- भोक अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरहून कमी, दोन्ही बाजूंनी पाडून मधे जरासं चुकलेलं: जुन्या हातकामाकडे झुकणारी खूण. नैसर्गिक मोती वजनावर विकला जायचा, म्हणून कारागीर कमानीने फिरवायच्या गिरमिटाने शक्य तितकं लहान भोक पाडायचे.
- काठाभोवती, चिरांत आणि खाचांत रंग साचलेला, दोराही तसाच पिवळट: जुना दिसावा म्हणून रंगवलेला मोती.

तिसऱ्या खुणेची उलट बाजू लक्षात असू द्या. जुन्या मोत्यांची भोकं पुन्हा ओवताना किंवा जाड तार घालताना मोठी केलेली असतात. त्यामुळे मोठं भोक म्हणजे लगेच कल्चर असं नाही.

झिजलेला मोती तर सगळ्यात जास्त सांगतो. गळ्याच्या घामाने आणि घासल्याने जुन्या सरातले मोती पिंपासारखे होतात, कडेने झिजतात. नैसर्गिक मोती कितीही झिजला तरी खाली मोत्याचेच थर लागतात. मणी घालून वाढवलेला कल्चर मोती झिजला की एका ठिकाणी आतला मणी उघडा पडतो, निस्तेज आणि कधी पट्टे असलेला. तन्मणीचा मानेमागचा भाग बघायला मागा, झीज तिथे जास्त असते.

विक्रेत्यांचे व्हिडिओ मोत्यावर लायटर धरतात, सुरीने घासून पांढरी भुकटी पाडतात आणि ‘बघा, अस्सल’ म्हणतात. त्या भुकटीने इतकंच सिद्ध होतं की मोती प्लास्टिकचा नाही. दोनशे रुपयांच्या चिनी मोत्याचीही अशीच भुकटी पडते. दाताला घासून खरखर लागते का ही परीक्षाही तेवढ्याच कामाची: काच आणि प्लास्टिक गुळगुळीत लागतात, नैसर्गिक आणि कल्चर दोन्ही खरखरीत. घरी आल्यावर हलक्या हाताने एकदा करायला हरकत नाही. लिंबू, व्हिनेगर, तापवलेली सुई यांच्या वाटेला जाऊ नका, मोती जातो तो जातोच.

वजनाचा हिशेब

हा हिशेब कोणी करत नाही आणि तो विक्रेत्याची बरीच थाप पकडतो. मोत्याची घनता साधारण २.७. त्यावरून गोल मोत्याचं वजन अंदाजे असं येतं: २ मिमी म्हणजे ११ मिलिग्रॅम, ३ मिमी म्हणजे ३८, ४ मिमी म्हणजे ९०, ५ मिमी म्हणजे १७७, ६ मिमी म्हणजे ३०५. कॅरेटमध्ये (रत्नांच्या वजनाचा कॅरेट, सोन्याच्या शुद्धतेचा नव्हे) हवं असेल तर २०० ने भागा.

समजा, तन्मणीला पाच सर आहेत, सरात शंभर मोती, मोती ३ मिमी. पाचशे मोत्यांचे १९ ग्रॅम झाले. भोकांपोटी आणि चपटेपणापोटी थोडं कमी धरा. खोड आणि गोंडा धरून विक्रेता एकूण वजन १२ ग्रॅम सांगत असेल, तर एकतर मोती प्लास्टिकचे आहेत (त्याच मापाचे पाचशे प्लास्टिक मणी जेमतेम साडेसात ग्रॅम भरतात), नाहीतर माप वाढवून सांगितलं आहे. भरीव काचेची घनता मोत्याच्या जवळची असल्याने काच या परीक्षेत पास होते. ती भोकाशी पकडायची.

वजन ग्रॅममध्येच मागा. तोळा म्हणजे जुना ११.६६ ग्रॅमचा की हल्लीचा १० ग्रॅमचा, आणि रत्ती म्हणजे कुठली, यावर पुढे भांडणं होतात. एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि मोत्यांचं वजन असे तीन आकडे वेगळे हवेत. जुन्या पोकळ घडणीत आत लाख भरलेली असते, तिचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे स्पष्ट विचारा.

नैसर्गिक मोत्याची किंमत वजनाच्या पटीत वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढते. मुंबईच्या बाजारातलं ‘चव’ हे माप त्यासाठीच होतं: कॅरेटमधल्या एकूण वजनाचा वर्ग, गुणिले ०.६५, भागिले मोत्यांची संख्या. एक-एक कॅरेटचे चार मोती मिळून २.६ चव भरतात. चार कॅरेटचा एकच मोती १०.४ चव भरतो. वजन तेच, चव चौपट. म्हणून नथीतल्या टपोऱ्या दोन-तीन मोत्यांवर सगळी किंमत टेकलेली असते आणि बदलले जातात तेही नेमके तेच. रंगाने, पाण्याने किंवा भोकाने बाकीच्यांपासून वेगळा दिसणारा मोठा मोती आधी संशयाखाली घ्या.

किंमत मान्य करण्याआधी तळाचा आकडा काढून ठेवा: निव्वळ सोनं गुणिले आजचा मोडीचा भाव. मोडीत मोत्याचे पैसे सहसा कोणी देत नाही. सांगितलेली किंमत या तळाच्या खाली असेल तर सोनं खोटं आहे किंवा माल चोरीचा आहे. तळाच्या बरीच वर असेल, तर वरची सगळी रक्कम तुम्ही मोती आणि घडणीसाठी देत आहात आणि तिचा पुरावा मागायचा तुम्हाला हक्क आहे.

विक्रेत्याला काय विचारायचं

एकच संदेश नीट लिहा आणि सगळ्यांना तोच पाठवा. उत्तर कसं येतं यावरून निम्मी निवड होते.

‘नमस्कार. तन्मणी आवडली. पुढील गोष्टी पाठवाल का? खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टरशिवाय पुढचा आणि मागचा फोटो. आजची तारीख लिहिलेल्या कागदाशेजारी एक फोटो. वजनकाट्यावर ठेवलेला एक, मोजपट्टीशेजारी एक. तीन मोत्यांच्या भोकांचे जवळचे फोटो आणि हळू फिरवून काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. मोती नैसर्गिक, कल्चर की नकली, यातलं तुम्ही बिलावर काय लिहून द्याल? ओवणं, खडे, मोती यातलं काय बदललंय? प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी २१ दिवस परत करायची मुभा हवी आहे, अहवालात वेगळं निघालं तर पूर्ण पैसे परत.’

तारखेचा कागद यासाठी, की वस्तू खरंच त्यांच्याकडे आहे का हे कळावं. दुसऱ्यांचे किंवा लिलावगृहांचे फोटो उचलून टाकणारे खूप आहेत. शंका आली तर फोटो गूगल लेन्सवर टाका.

‘मोती ओरिजिनल आहेत’ हे उत्तर चालत नाही. ओरिजिनल म्हणजे प्लास्टिक नाही इतकंच ते म्हणतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द लेखी आला पाहिजे. प्रामाणिक विक्रेता पुष्कळदा लिहितो, ‘घरचा जुना दागिना, मोती तपासलेले नाहीत, हमी नाही.’ त्याच्यावर रागावू नका. तपासणी न झालेल्या दागिन्याची किंमत त्याप्रमाणे लावा आणि तशीच द्या. उलट प्रत्येक प्रश्नाला पूर्वजांच्या गोष्टीने उत्तर देणारा, आणि ‘ताई, अजून तिघी विचारतायत, आजच टोकन टाका’ म्हणणारा, सोडून द्यावा.

परतीची मुदत २१ दिवस का, तर कुरिअरचे दिवस, प्रयोगशाळेची रांग आणि परतीचा प्रवास हे सात दिवसांत बसत नाही. सात दिवसांची परत म्हणजे तपासणीपुरती परत नाहीच. आणि दोरा तोडू नये, मोती काढू नये ही विक्रेत्याची अट रास्त आहे. एक्स-रेसाठी सर उसवावा लागत नाही.

पैसे, बिल, कायदा

अनोळखी माणसाला यूपीआयने पाठवलेले पैसे परत मिळवणं अवघड. क्रेडिट कार्ड किंवा खरेदीदाराला संरक्षण देणारी साइट असेल तर वाद घालायला जागा राहते. व्यवहार साइटबाहेर करा, स्वस्त पडेल, असं विक्रेता म्हणाला की ते संरक्षण गेलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. जो ‘कॅशमध्ये करू’ म्हणतो तो बिलही देणार नाही.

भारतातल्या व्यावसायिक विक्रेत्याला ई-कॉमर्स नियमांनुसार स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार कुठे करायची ते दाखवावं लागतं. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसेच लुबाडले असतील तर सायबर तक्रारीसाठी १९३०, आणि तीही तासाभरात केलेली बरी. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. घरातला एखादा दागिना विकणारी खासगी व्यक्ती मात्र या चौकटीत येत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींनी एक कायदा जरूर लक्षात घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे पुण्याचा विक्रेता ‘दीडशे वर्षं जुनी नथ’ न्यू जर्सीला कुरिअर करायला तयार असेल, तर एकतर वय खोटं आहे किंवा पाठवणं बेकायदा. शंभरच्या आतली वस्तू असेल तर पुरातत्त्व खात्याचा ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला विचारा. ब्रिटन-अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे ‘इंडियन नोज रिंग’ नावाखाली आपल्या नथी कधी कधी निघतात. त्यांना घाट ओळखता येत नाही, त्यामुळे वर्णन विसरून फोटोच वाचा. तिथून भारतात मागवलं तर सीमाशुल्क लागतं, ते किमतीत धरून बोली लावा.

पार्सल आल्यावर

खोकं फोडण्याआधी मोबाइल लावा आणि सील, पत्ता, खोकं, दागिना, वजनकाटा असा न थांबता एकच व्हिडिओ घ्या. मध्ये तुटलेला व्हिडिओ वादात कामाला येत नाही. मग मोती मोजा, भिंगाने भोकं बघा, वजन विक्रेत्याने दिलेल्या आकड्याशी ताडा. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी लिहून कळवा.

तपासणीसाठी मुंबईत जीआयए आणि जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी (आधीचं नाव जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) ही माहीत असलेली नावं. परदेशात बहारीनची दानत आणि स्वित्झर्लंडची एसएसईएफ यांचं मोत्यांतलं काम नावाजलेलं आहे. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मोत्याचा एक्स-रे करता का, ओवलेला दागिना घेता का, आणि सगळे मोती तपासता की निवडक. शेवटचं फार महत्त्वाचं. साठ मोत्यांतले दहाच तपासून दिलेला अहवाल दहांपुरताच खरा असतो. जुन्या दागिन्यात नैसर्गिक, कल्चर आणि काच एकत्र निघणं मुळीच नवलाचं नाही.

विक्रेत्याने आधीच अहवाल दिला असेल तर नंबर त्या प्रयोगशाळेच्या साइटवर टाका आणि फोटो, वजन, मोत्यांची संख्या जुळवा. नुसता नंबर खरा असून दागिना दुसरा असतो. राशीच्या खड्यांच्या दुकानात मिळणारी प्लास्टिकची कार्डं वेगळी. त्यांवर वर मोठ्या अक्षरात मोती आणि खाली शेऱ्यात बारीक अक्षरात कल्चर असं लिहिलेलं असतं. शेरा आधी वाचा.

ठेवला तर मग दोरा बघा. जुन्या दागिन्याचा दोरा नवा असणं चांगलंच, कारण वापरातला सर दर काही वर्षांनी ओवून घ्यावा लागतो. पटवेकऱ्याकडे देताना मात्र मोती मोजून, वजन करून, टपोऱ्या मोत्यांचे जवळचे फोटो काढून द्या, आणि परत घेताना काट्यावर पुन्हा ठेवा. शक्य असेल तर समोर बसून ओवून घ्या. ‘मोती साफ करून, उजळून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. उजळणं म्हणजे वरचा थर घासून काढणं, आणि त्या थरासकट वजनही जातं. अत्तर, हेअरस्प्रे आधी, मोती सगळ्यात शेवटी घाला. काढल्यावर मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा आणि सुती कापडात गुंडाळून सोन्याच्या बांगड्यांपासून वेगळ्या डबीत ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवलेले मोती कोरडे पडतात आणि त्यांना चिरा जातात. रिठ्याच्या पाण्यात सर भिजत घालायची जुनी सवय असेल तर ती सोडा: पाणी भोकातून आत शिरतं, दोरा कुजतो आणि ओला दोरा ताणला की सुटतो.